बटण न दाबता आलेले फोन

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मी कोणाला पटवायला बसलेली नाही.

पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलंय. आणि ज्या माणसाने ते फोन स्वतःच्या कानाने ऐकले, त्याच्या तोंडूनही मी ते ऐकलंय. दोघांच्या सांगण्यात एका शब्दाचाही फरक नव्हता.

आणि हो, रात्र वगैरे नव्हती. लाईट गेलेली नव्हती, कुत्री रडत नव्हती. भर दुपार होती. डोक्यावर सगळ्या ट्यूबलाईट चालू होत्या, आणि हॉलभर माणसं एकाच वेळी बोलत होती.

अशा ठिकाणी हे घडलं.

आत्या एका मोबाइल कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये होती. फर्निचरच्या मोठ्या दुकानाच्या वरचा मजला. ती स्वतः फोन घ्यायची नाही. आलेला फोन कोणाकडे जाणार, आधी कोणाचा घ्यायचा, कोणाला किती थांबवायचं, हे ती ठरवायची.

"मी फोनांची ट्रॅफिक हवालदार," असं म्हणायची. "फक्त शिट्टी दिलेली नाही."

कामात मात्र वाघीण. नव्याने लागलेल्यांना ती पहिल्याच दिवशी बजावायची. बटणांचे पर्याय चारच्या वर नेऊ नका, पाचवा ऐकेपर्यंत माणूस पहिला विसरतो. किती वेळ लागेल ते खरं सांगा, खोटं सांगितलंत तर तो दुप्पट चिडेल. रांग फारच लांबली तर म्हणा, तुमचा नंबर राखून ठेवतो, आम्हीच उलट फोन करतो. आणि म्हटलंत तर करा! चिडलेलं गिऱ्हाईक नवख्याच्या गळ्यात मारू नका. आणि काहीही झालं तरी एका माणसाला एकच गोष्ट दोनदा सांगायला लावू नका.

आतोबांचं, म्हणजे तिच्या यजमानांचं, चष्म्याचं दुकान होतं. अगदी मितभाषी माणूस. त्यात फोनवर बोलायचं म्हणजे त्यांच्या अंगावर काटा यायचा. दिवसभर आवाजात बसलेली आत्या घरी आली की दोघं समोरासमोर बसून गप्प चहा प्यायचे. मूलबाळ नव्हतं. मी विचारायचे, "आत्या, कंटाळा नाही येत?"

"छे गं. आम्ही एकमेकांना होल्डवर ठेवतो. छान चाललंय."

तर एक दिवस आत्या जुने फोन तपासत होती. तिथे सगळे फोन रेकॉर्ड होतात, आणि अधूनमधून कोणीतरी ते ऐकायचे असतात. एक बाई बोलत होती. आवाज वयस्कर.

"माझा मुलगा गेला. त्याचा नंबर बंद करायचाय."

पहिल्याने तो फोन बिलाच्या विभागाकडे पाठवला. तिथे बाईने पुन्हा सांगितलं, माझा मुलगा गेला. त्यांनी पुढे ढकलला. तिथेही तेच वाक्य. दर वेळी आवाज थोडा आणखी खाली गेलेला. शेवटी फोन एका अगदी नवीन माणसाकडे आला.

"माझा मुलगा गेला..."

"कुठे गेलाय, मॅडम? बाहेरगावी असेल तर नंबर बंद करायची गरजच नाही. आपल्याकडे रोमिंगची छान योजना आहे."



बाई म्हणाल्या, "नको." आणि फोन ठेवला.

आत्याने त्या दिवशी डबा उघडला नाही. तशीच उठून मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेली. म्हणाली, घरातलं माणूस गेलंय म्हणून फोन करणाऱ्यांची रांग वेगळी काढा.

"अहो मॅडम, फोन तो फोन," साहेब म्हणाले. "दोन माणसं तिकडे दिली तर बाकीची रांग वाढेल त्याचं काय?"

"वाढू दे. बिलावरून भांडणारा थांबू शकतो. ही बाई नाही थांबू शकत."

बरेच दिवस डोकं खाल्ल्यावर साहेबांनी खिडकीजवळच्या दोन खुर्च्या दिल्या. आत्याने त्या रांगेचं सगळं स्वतः बसवलं. वेगळं बटण. थांबताना गाणं नाही, जाहिरात नाही. बाकी सगळ्या फोनांच्या आधी हा फोन. आणि जो उचलेल त्यानेच शेवटपर्यंत न्यायचा, पुढे ढकलायचा नाही.

त्या दोन खुर्च्यांवर तिने मास्तर आणि चिमणीला बसवलं. मास्तर पूर्वी शाळेत शिकवायचे, आवाज एकदम संथ. चिमणी म्हणजे सतत चिवचिव करणारी एक तरुण मुलगी. पण रडणाऱ्या माणसाशी बोलताना तिचा आवाज असा काही मऊ व्हायचा की बस.

काही आठवडे सगळं नीट चाललं.

मग एका दुपारी, जेवणं आटोपून हॉल जरा सुस्तावला असताना, थांबलेले फोन दाखवणाऱ्या भिंतीवरच्या बोर्डावर त्या रांगेत एक फोन दिसला...

मास्तरांच्या स्क्रीनवर तो आला. फोन करणाऱ्याने कुठलं बटण दाबलं, ते स्क्रीनवर दिसतं.

ती जागा कोरी होती.

बटण दाबल्याशिवाय त्या रांगेत फोन येऊच शकत नव्हता. मास्तरांना नवल वाटलं. तरी त्यांनी उचलला.

"नमस्कार. बोला."

काहीच नाही...

खरखर नाही. श्वास नाही. रिकाम्या खोलीत उभं राहिल्यावर कान जसे भरून येतात, तसं वाटलं, असं मास्तर सांगतात.

मग एक म्हातारा आवाज आला. अगदी सभ्य.

"आमची ही आता फोन करेल. तिला ते वाक्य बोलायला लावू नका."

"कोणतं वाक्य, आजोबा?"

फोन बंद झाला होता.

मास्तर अजून हेडफोन सारखा करत होते, तेवढ्यात पुढचा फोन आला. या वेळी बटण नीट दाबलेलं. एक आजी होत्या.

"अहो, ते... माझे हे..."

पुढे शब्द फुटेना. मास्तरांना काय वाटलं कोण जाणे, ते म्हणाले, "आजी, बोलू नका. मला समजलं. फक्त नंबर सांगा."

आजी रडायला लागल्या. मोकळ्या, शांत रडल्या. मग नंबर सांगितला.

मास्तरांनी तो टाईप केला, आणि त्यांचे हात थांबले.

मघाचा फोन त्याच नंबरवरून आला होता.

"आजी, हा फोन आत्ता कोणाकडे आहे?"

"कोणाकडे असणार? हे गेले त्या दिवसापासून टेबलाच्या खणात आहे. बंद."

मास्तरांनी आत्याला बोलावलं. आत्या भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हे. तिने नेटवर्कवाल्याला कामाला लावलं. त्याने उलटसुलट तपासलं. तो नंबर कित्येक दिवसांत नेटवर्कवर आलेलाच नव्हता.

मग तिने रेकॉर्डिंग लावलं.

मास्तरांचा आवाज होता. "नमस्कार. बोला." मागे हॉलचा गलका ऐकू येत होता. कोणीतरी खोकलं. खुर्ची सरकली.

मग एकदम...

गलका बंद. खोकला बंद. सगळा हॉल जणू कोणीतरी उचलून नेला.

मग पुन्हा मास्तर. "कोणतं वाक्य, आजोबा?" आणि मागे परत तोच गलका.

म्हाताऱ्याचा आवाज त्यात नव्हताच. तो बोलत होता तेवढा वेळ कशाचाच आवाज नव्हता.

त्यानंतर तसे फोन येत राहिले. रोज नाही. पण यायचे. नेहमी दुपारी, नेहमी बटण न दाबता.

एक तरुण आवाज म्हणाला, "बाबा फोन करतील. त्यांना कमी ऐकू येतं. जरा मोठ्याने बोला, पण तसं त्यांना जाणवू देऊ नका."

एक लहान मुलगी म्हणाली, "आईला माझं नाव विचारू नका ना."

एका बाईचा फोन चिमणीने घेतला होता. बाई म्हणाली, "माझा नवरा तुमच्यावर ओरडेल. ओरडू द्या. त्याला रडता येत नाही."

तो माणूस खरंच ओरडला. कंपनीवर, नेटवर्कवर, चिमणीवर, जगावर. चिमणी गप्प ऐकत राहिली. बऱ्याच वेळाने तो थांबला. म्हणाला, "माफ करा हं, ताई. तुमचा काय दोष?" आणि मग त्याच्या घशातून असा आवाज निघाला की चिमणीने हेडफोन कानापासून लांब धरला.

त्या संध्याकाळी ती आत्याकडे आली.

"मॅडम, मला दुसरीकडे बसवा."

"भीती वाटते का गं?"

"नाही वाटत. तेच तर. ते इतकं चांगलं बोलतात, की मी आता त्यांची वाट बघायला लागलेय."

हे ऐकून मात्र आत्या हादरली. तिने नेटवर्कवाल्याला सांगितलं, बटण न दाबलेला एकही फोन त्या रांगेत येता कामा नये. वाट बंद कर. त्याने केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोर्डावर आकडा आला. एक फोन थांबलेला.

मास्तर मोकळे होते, चिमणी मोकळी होती. कोणाच्याच स्क्रीनवर तो फोन येईना.

मग आकडा वाढला... मग आणखी वाढला.

मधूनमधून खऱ्या लोकांचे फोन येत होते. पण त्या दिवशी प्रत्येकाला ते वाक्य बोलावं लागलं. एक माणूस अर्ध्यात फोन ठेवून गेला. एक बाई नुसतीच "ती... ती..." करत राहिली. चिमणीचे डोळे सुजले.

आणि बोर्डावरचा आकडा वाढतच होता.

आत्याने स्वतः हेडफोन चढवला. थांबलेल्या रांगेत काय चाललंय, ते तिला तिच्या जागेवरून ऐकता यायचं. तिने ती लाईन उघडली.

शांत...

मग फार लांबून, अगदी अदबीने, कोणीतरी विचारलं.

"अजून किती वेळ?"

मग दुसरा आवाज. "अजून किती वेळ?"

मग ती लहान मुलगी असावी तशी एक मुलगी...

आत्याने हेडफोन काढून ठेवला. नेटवर्कवाल्याच्या टेबलाशी गेली. "उघड ती वाट," म्हणाली.

"पण मॅडम, कालच तुम्ही..."

"उघड म्हणते ना!"

त्याने उघडली. बोर्डावरचा आकडा हळूहळू, एकेक करत उतरला. मास्तरांनी आणि चिमणीने एकेक निरोप ऐकून घेतला. कोणी आवाज चढवला नाही. आत्या म्हणते, इतकी शहाणी रांग मी आयुष्यात पाहिली नाही.

त्यानंतर त्या फोनांबद्दल कोणीच काही बोलेना. मोठे साहेब खूश होते, कारण त्या रांगेतून तक्रार म्हणून यायची नाही. "तुमची माणसं न सांगताच ओळखतात," असं ते कौतुकाने म्हणायचे.

आत्या मान डोलवायची.

आणि मग ती दुपार आली.

आत्या मास्तरांच्या मागे उभी राहून काहीतरी वाचत होती. मास्तरांनी फोन उचलला. "नमस्कार, बोला," म्हणाले.



मग ते खुर्चीतल्या खुर्चीत सावकाश वळले. त्यांनी आत्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांकडे नाही...

तिच्या ओठांकडे. ते हलतायत का, हे बघत होते.

"काय झालं, मास्तर?"

त्यांनी हेडफोन काढला. "काही नाही. राँग नंबर."

"या रांगेत राँग नंबर येतो का?"

तिने वाकून स्क्रीन बघितली.

तिचाच नंबर होता.

हॉलमध्ये कोणालाच स्वतःचा मोबाइल आणायची परवानगी नव्हती. तिचा मोबाइल बाहेर, लॉकरमध्ये, कुलपात होता.

"आवाज कोणाचा होता?"

मास्तर हेडफोनची वायर गुंडाळत राहिले.

"मास्तर, मी विचारतेय."

"तुमचा होता, मॅडम."

"काय म्हणाले मी?"

मास्तरांनी डोळे मिटले आणि जसंच्या तसं सांगितलं. "'आमचे हे फोन करतील. ते बोलणार नाहीत. म्हणून लगेच ठेवून देऊ नका.'"

चिमणीने खुर्ची पुढे केली. आत्या बसली. थोडं पाणी प्यायली.

आजवर ज्यांचे ज्यांचे तसे फोन आले, ती सगळी माणसं आधीच गेलेली होती. जिवंत माणसाचा हा पहिलाच.

थोड्या वेळाने ती उठली आणि सुटी होईपर्यंत काम केलं. रांगेत माणसं होती.

आतोबांना तिने यातलं अक्षर सांगितलं नाही. डॉक्टरकडे जाऊन आली, सगळ्या तपासण्या केल्या. सगळं ठणठणीत. तरी तिने मनाशी धरलं, की आपण आधी जाणार. आणि हे एकटे मागे राहणार.

मग तिने त्यांना शिकवायला घेतलं. कपड्यांचं मशीन कसं लावायचं. गॅस कुठून बंद करायचा. कुठलं औषध जेवणाआधी, कुठलं नंतर.

"मला कशाला? तू आहेस ना," आतोबा म्हणायचे.

"मी कामात असते. शिका."

फोनवर बोलायलाही शिकवत होती. शेजारच्या खोलीत जाऊन ती त्यांना फोन लावायची. आतोबा उचलायचे आणि कानाला धरून नुसते उभे राहायचे.

"अहो, हॅलो तरी म्हणा!"

"समोरचा म्हणतोच की."

आत्या हसायची. आणि मग, ते खोलीत नसताना, पदर तोंडावर धरून रडायची. हे मला खूप नंतर कळलं.

वर्ष सरलं. आत्याला साधी सर्दीसुद्धा झाली नाही.

आणि एका सकाळी आतोबा गेले.

दुकानात, काम करता करता. चष्म्याची काडी बसवत होते. मान खाली, हातात बारीक पेचकस. समोर गिऱ्हाईक बसलेलं. ते बराच वेळ तसंच थांबून राहिलं. त्याला वाटलं, स्क्रू बारीक आहे, लागत असेल वेळ.

लोकांनी थांब म्हटलं, तरी आत्या लवकरच कामावर गेली. स्वतःच्या टेबलाशी नाही गेली. मास्तरांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

मास्तरांनी काही विचारलं नाही. त्यांना कळलं होतं ती कशासाठी बसलीये.

दुपार झाली. हॉल सुस्तावला. बोर्डावर त्या रांगेत फोन आला. आत्या ताठ झाली.

दुसऱ्याच कोणाच्या तरी आईचा होता.

मग आणखी एक. तोही दुसऱ्याच कोणाचा तरी.

दुसऱ्या दिवशीही ती तिथेच बसली. तिसऱ्या दिवशीही. जगातल्या सगळ्या मेलेल्या माणसांना आपलं कोणीतरी मागे उरलंय याची काळजी होती. सगळ्यांचे निरोप येत होते.

आठवडा संपताना मास्तर हळूच म्हणाले, "नाही आला, मॅडम."

आत्याने खुर्ची जागेवर सरकवली.

"त्यांना फोनवर बोलायला कुठे आवडायचं," ती म्हणाली. आणि आपल्या टेबलाशी गेली.

आतोबांचा नंबर तिने बंद केला नाही. तेवढा एकच फोन तिच्याने करवला नाही.

आता आत्या निवृत्त झालीये. माझ्याकडेच असते. मास्तरही घरी बसले. चिमणीने ती नोकरी केव्हाच सोडली. ती रांग अजून आहे की नाही, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

हे सगळं आत्याने मला गेल्या महिन्यात सांगितलं. आम्ही तिच्या वस्तू लावत होतो. काही कागद, काही कपडे. मी सहज म्हटलं, "आत्या, तुझ्या मागे हे फोनचं, बँकेचं सगळं मलाच निस्तरावं लागणार."

"फोनचं नको करूस," ती म्हणाली. "ते करणार आहेत."

"कोण?"

"तुझे आतोबा. दुसरं कोण?"

मला आधी कळलंच नाही. मग तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर मी हातातले कपडे खाली ठेवले. मग कसंबसं म्हटलं, "अगं आत्या, पण आतोबा तर..."

तिने माझ्याकडे पाहिलं. नव्याने लागलेल्या माणसाकडे बघत असेल, तशी.

"आवाज माझा होता ना? मी खोटं कशाला बोलेन?"

आणि पुन्हा घड्या घालायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना गाठलं. त्यांनीही तेच शब्द सांगितले, तसेच्या तसे. निघताना मला जिन्यापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "त्या रांगेतला एकही निरोप कधी खोटा निघाला नाही, ताई."

आतोबांचा मोबाइल आत्याच्या खोलीत आहे. मी बघितलाय. बॅटरी केव्हाच फुगून गेली, काढून टाकलीये. तो चालू होणं शक्यच नाही.

तरी दुपारी आत्या झोपली, घर शांत झालं, की मी त्या खोलीचं दार लावून घेत नाही. हातातलं काम टाकून उगाच दारापाशी जाऊन उभी राहते.

आतून कोणी बोलणार नाही, हे मला माहीत आहे.

कान मात्र तिकडेच असतो...